विचारा तर खरं : मुंगीला हायवे कधी कळेल का?

मागच्या अंकात मी लिहिता लिहिता एक वाक्य टाकून दिलं होतं, 'काही गोष्टी विज्ञानाला कधीच कळणार नाहीत', आणि त्यावर इतकी पत्रं, मेसेज आणि दोन तर चक्क सात-सात मिनिटांच्या व्हॉइस नोट आल्या की संपादक म्हणाले, आता अख्खा कॉलम यालाच देऊन टाका. देतो. चूक माझीच आहे, 'कधीच' हा शब्द असा फुकट वापरायचा नसतो. का, ते खाली येतंयच.

सर, मी अकरावी सायन्सला आहे आणि मला फिजिक्स करायचंय. क्लासमध्ये सांगतात की फिजिक्समधले मोठे शोध सगळे लागून गेले, आता नुसतं कॉम्प्युटर घ्या. मी पीएचडीपर्यंत पोचेन तोवर काही शिल्लक असेल का? — एक विद्यार्थिनी, चिपळूण

अगं, हेच बोलणं म्युनिकमध्ये १८७० च्या दशकात एका पोरानेही ऐकून घेतलं होतं. फिलिप फॉन योली नावाचे प्राध्यापक त्याला म्हणाले की फिजिक्स जवळजवळ पूर्ण झालंय, एखाद-दुसरा कोपरा झाडायचा राहिलाय, कशाला येतोस. तो म्हणाला, मला नवीन शोधायचं नाहीये, जे आहे ते नीट समजून घ्यायचंय. तो पोरगा म्हणजे मॅक्स प्लांक, आणि १९०० मध्ये त्याच्याच हातून क्वांटमची, म्हणजे अणूएवढ्या चिमुकल्या जगाच्या फिजिक्सची, सुरुवात झाली, आणि तीही त्याला स्वतःला फारशी आवडली नव्हती.

शिल्लक किती म्हणशील, तर आत्ताच्या हिशोबाने विश्वातल्या ज्या पदार्थाची आपल्याला ओळख आहे (तू, मी, चिपळूण, सूर्य, सगळे तारे धरून) तो एकूण ऐवजाच्या ५ टक्क्यांच्या आसपास आहे. साधारण २७ टक्के डार्क मॅटर, ६८ टक्के डार्क एनर्जी, आणि ही दोन्ही नावं म्हणजे 'काय आहे माहीत नाही' याला दिलेली सभ्य नावं आहेत. घे फिजिक्स. कॉम्प्युटर तसाही शिकावाच लागेल.

आदरणीय महोदय, मी बँकेतून निवृत्त झालो आहे. रोज सकाळी हायवेच्या कडेने फिरायला जातो. तिथे मुंग्यांची रांग असते. त्या मुंगीला हा एवढा मोठा हायवे आहे, टोल आहे, ट्रक कुठून कुठे चाललेत हे कधीतरी कळेल का? नाही. तिच्या मेंदूतच ते बसत नाही. मग आपलाही मेंदू शेवटी मेंदूच. आपल्या डोक्यावरूनही असे हायवे जात नसतील कशावरून? — एक वाचक, मिरज

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि खरं सांगतो, याला पूर्ण तोड माझ्याकडे नाही. जे डोक्यात बसतच नाही त्याची यादी कशी करणार, यादी केली म्हणजे ते थोडंफार बसलं की.

पण एक फरक आहे. मुंगीकडे वही नाही. मी तुम्हाला म्हटलं की ४७६ गुणिले ८९३ तोंडी सांगा तर तुम्ही बँकेत आयुष्य काढलं असलं तरी जरा अडखळाल (कदाचित नाही अडखळणार, तुमच्या पिढीचं काही सांगता येत नाही), पण कागद दिला की मिनिटभरात ४२५०६८ हातात. मेंदू तोच, कागदाने पोच वाढली. आणि माणसाचा हा कागद पिढ्यानपिढ्या लांबत चाललाय, लायब्ररी, दुर्बीण, कॉम्प्युटर हे सगळं त्याचंच पुढचं पान. त्यामुळे 'एका डोक्यात मावत नाही' आणि 'माणसाला कळणार नाही' या दोन गोष्टी एक नाहीत.

आता 'कधीच नाही' म्हणणाऱ्यांची फजिती कशी होते ते बघा. ऑग्युस्त काँत नावाचे फ्रेंच तत्त्वज्ञ, मोठा माणूस, १८३५ मध्ये लिहून मोकळे झाले की ताऱ्यांची अंतरं, आकार, चाल हे आपण काढू, पण तारे कशाचे बनलेत हे कधीही, कुठल्याही उपायाने कळायचं नाही. त्यांचंही बरोबरच वाटतं ना, तिथे जाऊन चमचाभर सूर्य कोण आणणार? १८५७ मध्ये काँत वारले. दोनच वर्षांत, १८५९ मध्ये, हायडेलबर्गला किर्कहॉफ आणि बुन्सेन या जोडीने दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरलेल्या रंगरेषा देतं, म्हणजे प्रकाश फोडला की त्यातून पदार्थाची सहीच मिळते. म्हणे एकदा लांब मानहाइम शहरात आग लागली तर या दोघांनी लॅबच्या खिडकीतून तिच्याकडे उपकरण रोखून त्यात बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ओळखलं. मग आगीचं जमतं तर सूर्याचं का नाही?

हे तुमच्या स्वयंपाकघरात पण दिसतं. बटाटे उकडताना मिठाचं पाणी उतू गेलं की शेगडीची निळी ज्योत झर्रकन पिवळी होते की नाही, ती पिवळी म्हणजे मिठातलं सोडियम. आमच्या घरी ती पिवळी दिसली की मी 'सोडियम!' म्हणून ओरडतो आणि आतून 'आधी गॅस पुसा' असं उत्तर येतं, ते असो. ते सोडियम तुमच्या शेगडीवर असो की सूर्यावर, रेघ त्याच जागी.

आणि आपल्याकडचीच गोष्ट. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याची सावली भारतावरून गेली, ज्यूल जान्सन हे फ्रेंच शास्त्रज्ञ त्यासाठी गुंटूरला येऊन बसले होते. सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा दिसतात त्यांच्या प्रकाशात एक पिवळी रेघ सापडली, सोडियमच्या अगदी शेजारी पण नेमकी तिच्यावर नाही, जरा बाजूला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तीच रेघ पाहिली. पृथ्वीवरचं कुठलंही द्रव्य त्या रेघेला जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना, युरेनियमच्या एका खनिजात. म्हणजे बघा, 'सूर्य कशाचा बनलाय हे कधी कळणार नाही' म्हणता म्हणता एक द्रव्य आधी सूर्यावर सापडलं आणि सत्तावीस वर्षांनी घरात. (विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियमचा शोध तिथेच लागला, लॉकयर तिथूनच बघत होते असं सांगतात, दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही होतो. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते, त्यामुळे ते जरा ताणलेलं आहे, पण मुलांना घेऊन जा जरूर, किल्ला अप्रतिम आहे.)

म्हणून मी 'कधीच' या शब्दाला घाबरतो. पण काका, आता दुसऱ्या बाजूचं पण ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल मी विज्ञानाचा प्रचारक आहे. १८७२ मध्ये एमिल दु बुआ-रेमों या जर्मन शास्त्रज्ञाने भाषणात सांगितलं की दोन गोष्टी आपल्याला माहीत नाहीत आणि होणारही नाहीत, एक म्हणजे पदार्थ आणि बल मुळात काय चीज आहे, आणि दुसरी, या पदार्थातून जाणीव कशी उभी राहते. यावर गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट आयुष्यभर चिडून होते. ८ सप्टेंबर १९३० ला तेव्हाच्या जर्मनीतल्या क्योनिग्सबर्गमध्ये, त्यांच्याच गावी, ते गरजले की आम्हाला कळलंच पाहिजे, आणि कळेलच. त्यांच्या समाधीवर हेच शब्द आहेत. आणि गंमत अशी की आदल्या दिवशी, ७ सप्टेंबरला, त्याच गावात, एका परिषदेच्या चर्चेत कुर्ट ग्योडेल नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा हळू आवाजात सांगून गेला होता की गणितात तसं होणार नाही. नियमांची कुठलीही ठराविक यादी घ्या, जिच्यात साधं अंकगणित बसतं आणि जी स्वतःच्याच विरोधात जात नाही, तिच्यात एखादं असं विधान राहतंच जे त्या नियमांनी सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. १९३१ मध्ये ते छापून आलं. ही मर्यादा काँतच्या 'कधीच'सारखी अंदाजपंचे नाही, ती सिद्ध केलेली आहे. माझ्या मते माणसाने लावलेल्या शोधांतला हा सगळ्यात उमदा शोध, कुंपण कुठे आहे हे कुंपणाच्या आतूनच मोजलं.

दु बुआ-रेमों यांच्या यादीतली दुसरी गोष्ट मात्र अजून तशीच उभी आहे. दाढ दुखते तेव्हा कुठल्या नसेतून काय जातं, मेंदूचा कुठला भाग जागा होतो हे सगळं सांगता येतं, पण ते *दुखतं* का, नुसताच सिग्नल का नाही, इथे सगळे गप्प. तुमचा हायवे असलाच तर मला वाटतं तो इथून जातो.

तुमचं ते विश्व राहू द्या. आमच्या शिवारात गुरुवारी पाऊस पडेल का एवढं सांगता येत नाही. मोबाईलवर ढगाचं चित्र येतं, पाऊस शेजारच्या गावात पडतो आणि आमची सोयाबीन तशीच. एवढं शिकून काय केलं? — एक शेतकरी, केज

राग बरोबर आहे दादा. सूर्यग्रहण आम्ही मिनिटावर सांगतो, २ ऑगस्ट २०२७ ला आहे बघा, इजिप्तमध्ये लक्झरजवळ खग्रास सहा मिनिटांच्या वर चालेल. पण येत्या गुरुवारचा पाऊस नाही. असं का, तर दोन्हीचा स्वभाव वेगळा आहे.

१९६१ ची गोष्ट, अमेरिकेत एमआयटीमध्ये एडवर्ड लोरेन्झ कॉम्प्युटरवर हवामानाचं छोटं मॉडेल चालवत होते. आधीचा एक हिशोब परत बघायचा म्हणून त्यांनी मधूनच सुरू केला, छापलेल्या कागदावरचा आकडा टाईप केला ०.५०६ आणि कॉफी प्यायला गेले. तासाभराने आले तर सगळं वेगळंच हवामान. मशीन बिघडलं नव्हतं. आतला खरा आकडा होता ०.५०६१२७, कागदावर तीनच स्थळं छापली जायची. तेवढ्याशा फरकाने पुढे अख्खं हवामान फिरलं. तुमच्या शिवारावरची हवा पण तशीच, आज मोजण्यात केसाएवढी चूक असली की ती वाढत वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजचा अंदाज म्हणजे निव्वळ नशीब. एकट्या गडगडाटी ढगाचं आयुष्य तासा-दोन तासांचं, त्यामुळे तो तुमच्या बांधावर फुटेल की शेजारच्या, हे काही तास आधीच कळलं तर कळणार.

नवी यंत्रं आली की अंदाज सुधारतात, सुधारलेतही, पण ही मर्यादा पैशाने किंवा हुशारीने पूर्ण जाणारी नाही. म्हणून जो कोणी तुम्हाला दोन महिने आधी तारखेसकट पाऊस सांगतो त्याच्यावर पेरणी करू नका, एवढं मात्र मी 'कधीच' शब्द वापरून सांगतो.

हे सगळं आपल्या वेदांत आधीच आहे असं फॉरवर्ड येतं. खरं काय? — अनेक वाचक

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त वाचा. सृष्टी कुठून आली असं विचारत विचारत कवी शेवटी येतो तो इथे, की वरून पाहणारा जो आहे त्यालाच हे माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. फॉरवर्ड करणाऱ्यांपेक्षा तो ऋषी जास्त प्रामाणिक होता.

आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो होतंय म्हणतात. त्यातून आम्हाला काय कळणार? — हिंगोली जिल्ह्यातून

अंतराळात कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच थरथरतं, ती थरथर मोजायचं यंत्र. काटकोनात दोन नळ्या, एकेक ४ किलोमीटरची, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी फरक पडला तरी कळला पाहिजे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले.

ही थरथर लहरींसारखी पसरते, म्हणून तिला गुरुत्वीय लहरी म्हणतात, आणि या लहरींचं गणित आइनस्टाइननी १९१६ मध्ये मांडलं आणि सोबत हेही म्हटलं की त्या इतक्या क्षुल्लक असतील की जमेतच धरायला नकोत. १९३६ मध्ये तर त्यांनी 'अशा लहरी नसतातच' असा पेपर पाठवला, तपासणाऱ्याने त्यात चूक काढली, तर साहेब रागावले आणि पेपर परत घेतला. पुढे दुसरीकडे छापला, पण दुरुस्त करून. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी ती थरथर पकडली. खुद्द आइनस्टाइनचा अंदाज असा आपटला, तिथे माझ्या मागच्या अंकातल्या वाक्याची काय कथा.

मी आयटीत आहे. आता एआयच सायन्स करेल असं दिसतंय. उत्तरं मिळाल्याशी मतलब, माणसाला कळलंच पाहिजे असं काय आहे? — एक वाचक, हिंजवडी

तुमच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त अडकलो, कारण खरी गोम इथेच आहे. मराठीत आपल्याकडे 'माहीत असणं' आणि 'कळणं' असे दोन वेगळे शब्द आहेत. पावकी-निमकी मला पाठ होती, म्हणजे माहीत होती. कळली बऱ्याच वर्षांनी, मुलीला शिकवताना.

एक नकाशा घ्या. १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवत होता, शेजारी-शेजारी एकच रंग येता कामा नये एवढीच अट, आणि त्याला वाटलं की कुठल्याही नकाशाला चार रंग पुरावेत. आपण महाराष्ट्राचा घेऊ. पुणे जिल्ह्याभोवती कोण कोण आहे, ठाणे, रायगड, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर (आपलं जुनं नगर), आणि नगरची हद्द परत ठाण्याला भिडते, म्हणजे पाच जणांनी पुण्याभोवती फेर धरलाय. आता दोनच रंगांत हा फेर रंगवून बघा. ठाणे लाल, रायगड हिरवा, सातारा लाल, सोलापूर हिरवा, नगर लाल… आणि नगर-ठाणे शेजारी, दोन्ही लाल. फसलं. पाच विषम आहे म्हणून फसणारच, तिसरा रंग लागतो. आणि पुणे या पाचही जणांना चिकटलंय म्हणून त्याला चौथा. एवढं वाचून तुम्हाला नुसतं माहीत झालं नाही, तुम्हाला *कळलं*, आता कोणी येऊन काहीही सांगितलं तरी तुम्ही हलणार नाही.

पण हे झालं 'तीन पुरत नाहीत'. 'चार कायम पुरतात' हे दाखवणं महाकठीण. केम्प नावाच्या गणितज्ञाने १८७९ मध्ये सिद्धता दिली, अकरा वर्षं सगळे खूश, १८९० मध्ये हीवूडने त्यात भोक दाखवलं. शेवटी १९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी ते सोडवलं, पण कसं, तर प्रश्न दोन हजारांच्या आसपास तुकड्यांत तोडला आणि एकेक तुकडा कॉम्प्युटरकडून तपासून घेतला, हजार तासांच्या वर. त्यांच्या विभागाच्या टपालावर 'चार रंग पुरतात' असा शिक्का मारायला लागले. पण एका व्याख्यानानंतर म्हणे श्रोत्यांत दोन तट पडले, चाळिशीच्या वरच्यांना कॉम्प्युटरवर भरवसा नाही, आणि चाळिशीच्या आतल्यांना, माणसांनी हाताने केलेल्या शेकडो पानांवर. २००५ मध्ये दुसऱ्या एका प्रोग्रामने सगळं परत पडताळलं, आता शंका नाही. तरी 'का चार?' असं विचारलंत तर पुण्यासारखं चार ओळींत सांगता येत नाही. तपासलं, सगळीकडे चालतं, संपलं. माहीत आहे.

तुमचं एआय म्हणजे हेच, पण शंभरपट. प्रोटीनची साखळी घडी पडून कुठला आकार घेते हा जीवशास्त्रातला पन्नास वर्षं छळणारा प्रश्न, २०२० मध्ये अल्फाफोल्ड नावाच्या एआयने त्यात बाजी मारली, २०२२ पर्यंत २० कोटींच्या वर प्रोटीनचे अंदाजी आकार सगळ्यांना उघडे करून दिले, २०२४ चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल ते बनवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना त्यासाठीच मिळालं. मी त्याला नावं ठेवत नाही, औषधं शोधणाऱ्याला आकार हवा असतो आणि तो मिळतो, आणि आपण तरी रिक्षात बसताना इंजिन कुठे समजून घेतो. पण ते शेवटचा आकार देतं, साखळी तिथपर्यंत घडी कशी घालत गेली ते सांगत नाही, आणि आत कोट्यवधी आकड्यांच्या राशीत नेमकं काय शिकलंय ते बनवणाऱ्यांनाही नीट वाचता येत नाही.

मतलब कुठे येतो विचाराल, तर उत्तर चुकतं तिथे. केम्पची चूक हीवूडला का सापडली, कारण सिद्धता वाचून कळण्याजोगी होती. न कळणारं उत्तर चुकलं तर ते चुकलंय हेच कळत नाही, आणि बरोबर असलं तरी त्यातून पुढचा प्रश्न सुचत नाही, तुम्ही आपले दर वेळी मशीनच्या दारात उभे. मला तरी वाटतं पुढच्या पन्नास वर्षांत माहितीचा ढीग असा वाढणार आहे की मिरजेच्या काकांची मुंगी आपणच होऊ, फक्त तो हायवे आपणच बांधलेला असेल.

असो, जागा संपली. अंक हातात असेलच, तर मुलांकडून महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे चार रंगांत रंगवून घ्या आणि फोटो पाठवा, चांगले असतील ते पुढच्या वेळी छापू. तीन रंगांत पूर्ण झालेला नकाशा मात्र पाठवू नका. त्यात पुण्याजवळ कुठेतरी गडबड आहे, हे मी इथे बसून, न बघता सांगतो.